उघडं चित्र

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. साल दोन हजार आठ. नागरकोप्पच्या शिवारात भात पिवळं पडलं होतं आणि हल्याळच्या जंगलातनं हत्ती अलीकडं उतरलेत अशी बातमी होती. त्याच आठवड्यात परशरामच्या खळ्यावर विमान आलं.

जीपच्या टपावर दोरीनं बांधून आणलेलं. थर्माकोलचं अंग, त्यावर चिकटपट्ट्या, मागं पंखा, पोटाखाली काडेपेटीएवढा कॅमेरा. पंख बैलाच्या जुवाएवढे लांब, पण सगळं मिळून वजन एका कोंबड्याचं. परशरामनं ते दोन्ही हातांवर घेतलं आणि कुठं ठेवावं ते न सुचून तसाच उभा राहिला.

"आत माणूस न्हाई?" त्याच्या आईनं, लक्ष्मीअव्वानं, सोप्यातनं विचारलं.

"नाही आजी. आम्ही खालूनच चालवतो," सुमंत म्हणाला.

"मग पडलं तरी चालतंय," म्हातारी म्हणाली आणि शेंगा फोडायला लागली.

सुमंत हुबळीच्या केशवापूरचा. तिशी ओलांडलेला, चष्म्याचा, अंगानं किरकोळ. एका लहानशा कंपनीत विमानाचं सगळं तोच बघायचा. वनखात्यानं कंपनीला तीन महिने दिले होते. विमान उडवून दाखवा, कामाचं वाटलं तर घेऊ. जंगल कलघटगी तालुक्याच्या कडेचं, आणि उडवायला जागा हवी उंच, पश्चिमेला मोकळी, पुढं उतार असलेली. तशी जागा परशरामच्या खळ्याचीच होती.

परशराम वनखात्यात रोजंदारीवर वॉचर. चौदा वर्षं झाली. खाकी शर्ट स्वतः शिवून घेतलेला, पायांत टायरच्या चपला. हातातली वॉकीटॉकी तेवढी खात्याची. पाच वर्षांतनं एकदा रोजंदारीवाल्यांची यादी कायम करायला धारवाडला जायची. यंदा डिसेंबरात जाणार होती आणि त्याचं नाव वरून तिसरं होतं. रेंजर साहेबांनी स्वतः दाखवलं होतं.

पहिल्या चार दिवसांत विमान फेकायचं काम परशरामकडं आलं. सुमंतचा खांदा दुखावला होता. विमान डोक्यावर धरायचं, उतारावरनं बारा-पंधरा पावलं पळायचं आणि पंख्याचा आवाज चढला की हात सरळ ठेवून सोडायचं. वाकडं सोडलं की ते नाक खुपसायचं. परशरामचं एकदाही वाकडं गेलं नाही. मग सगळे खळ्याच्या कडेला मांडलेल्या छोट्या टीव्हीभोवती जमायचे. टीव्हीत मुंग्या यायच्या, चित्र हलायचं, आणि त्यात खालचं शिवार दिसायचं. बांध, ओढा, चिंचेची झाडं, वाळत घातलेलं रेणुकाचं हिरवं लुगडं.

रेणुका परशरामची बायको. सकाळी कामावर जायच्या आधी ती चौघांच्या भाकरी थापायची, त्यात सुमंतची एक. तो हुबळीहून डबा आणायचा, पण पहिल्याच दिवशी त्यानं तिच्या हातचं हिरव्या मिरचीचं रंजका खाल्लं आणि डबा आणायचं सोडून दिलं.

"अक्का, हे घरी शिकवा की," तो म्हणाला. "माझ्या बायकोला, वेदश्रीला, असलं जमत नाही."

"घेऊन या त्यास्नी. दोन दिवस ऱ्हाऊ द्यात," रेणुका म्हणाली. खरंच येतील म्हणून तिनं सोप्यातली एक गोधडी धुऊन ठेवली.

पाचव्या दिवशी सकाळी धुकं हटता हटता टीव्हीत बांबूच्या बेटात पाच काळे ढिगारे दिसले. एक ढिगारा हलला. परशरामनं वॉकीटॉकीवरनं सांगितलं, गावानं डबे बडवले, फटाके लावले, हत्ती ओढा न ओलांडता मागं वळले. ज्यांचं भात वाचलं त्यांत गावच्या मोठ्या जमीनदाराचं, बसनगौडाचंही आठ एकर होतं. त्या संध्याकाळी गौडानं परशरामला पारावर बसायला जागा दिली. परशराम बसला नाही, पण घरी येऊन दोनदा सांगितलं.

मग रेंजर साहेब म्हणाले, हत्तींचं झालं, आता सागवानाचं बघा.

तीन वर्षं सागवान जात होतं. पहाटे तोडायचं, ओंडके ओढ्यातनं ओढायचे, ट्रॅक्टरवर भाताच्या पेंढ्यांखाली घालून न्यायचे. ट्रॅक्टर गौडाचा असं गाव कुजबुजायचं, पुरावा कुणाकडं नव्हता. परशरामनं ताजी खोडं मोजली होती, पण तोडणारा माणूस कधी गावला नव्हता. आता टीव्हीत तो दिसला. पहिल्याच दिवशी चार माणसं, करवत, पडलेलं झाड. साहेबांची जीप निघाली. परशराम, गार्ड मधुकर आणि आणखी तिघं आडवाटेनं पळाले. पाऊण तासात पोचले तर खोडातनं चीक गळत होता, बिड्यांची थोटकं ओली होती, माणूस नव्हता.

दुसऱ्या खेपेला तसंच. तिसऱ्या खेपेला वाट बदलली, जीप लांब ठेवली, ओढ्याच्या पात्रातनं वाकून गेले. मधुकरचा पाय मुरगळला. पोचले तर करवतसुद्धा नेलेली होती. जाताना कुणीतरी खोडावर कोळशानं टोपी काढली होती, खात्याची टोपी.

मधुकर त्या खोडावर बसून पाय चोळत होता. परशराम आणि तो एकाच साली कामाला लागले होते. मधुकर शिकलेला म्हणून गार्ड झाला.

"आपण निघालेलं त्यास्नी कळतंय," मधुकर म्हणाला.

"कळतंयच की."

"कोण सांगतंय?"

परशराम झाडांकडं बघत होता. मधुकर आपल्याकडं बघतोय हे त्याला जरा उशिरा लक्षात आलं.

चौथ्या दिवशी साहेबांनी त्याला कलघटगीच्या हापिसात बोलावलं. आत साहेब होते, मधुकर होता, दोन कारकून होते आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर सुमंत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. परशरामला बरं वाटलं. सुमंत सर आहेत म्हणजे काही उलटसुलट व्हायचं नाही.

साहेब कानडीत बोलले. आवाज चढवला नाही. विमान कुठं जाणार हे आदल्या दिवशी किती जणांना ठाऊक असतं? सरांना, आम्हाला आणि तुला. उडतं कुठनं? तुझ्या खळ्यावरनं. गौडानं तुला पारावर का बसवलं? बाकीचे वॉचर कधी बसलेत पारावर?

"मी बसलो न्हाई साहेब."

"मोबाइल दे."

कारकुनानं मोबाइल घेतला आणि आलेले-गेलेले नंबर एका कागदावर उतरवले. सगळे मिळून अकरा. सात रेणुकाच्या भावाचे. एकेका नंबरावर बोट ठेवून विचारणं झालं, हा कोण, तो काय करतो. परशराम उभ्यानं सांगत गेला. मध्येच त्यानं सुमंतकडं पाहिलं.

"सर, तुमी तर रोज घरात हाईसा. तुमी सांगा की."

सुमंतनं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. "मी तांत्रिक बाजू बघतो, अण्णा," तो म्हणाला. "बाकीचं मला काय कळणार?"

साहेबांनी मधुकरला खूण केली. मधुकरनं पुढं होऊन परशरामच्या कमरेची वॉकीटॉकी काढून घेतली. पट्टा अडकला तेव्हा परशरामनंच सोडवून दिला.

"उद्यापासून येऊ नको," साहेब म्हणाले. "चौकशी होईपर्यंत यादीत नाव नाही."

घरी आल्यावर त्यानं शर्ट काढून खुंटीला लावला आणि म्हशीला पाणी दाखवायला गेला. रेणुकानं ताटं वाढली. जेवताना त्यानं सगळं सांगितलं, सुमंत काय म्हणाला ते सोडून. ते त्यानं लक्ष्मीअव्वा झोपल्यावर सांगितलं.

"घाबरलं असतील ते," रेणुका म्हणाली.

"व्हय. साहेबापुढं सगळीच घाबरत्यात."

विमान आता शेजारच्या गावच्या माळावरनं उडू लागलं. परशराम भातकापणीला रोजानं जाऊ लागला. चौदा वर्षं जंगलात चाललेला माणूस. वाकून कापायची कमरेला सवय नव्हती. तिसऱ्या दिवशी विळ्यानं करंगळी चिरली. बांधावर भाकरी खायला बसलेल्या बायका तो जवळ आला की बोलायच्या थांबायच्या. एकीनं सरळच विचारलं, गौडानं किती दिलं म्हणायचं? त्यानं जखमेवर चिंधी बांधली आणि पुन्हा ओळीत वाकला.

रेणुकाला मळणीचं काम गौडाच्याच खळ्यावर मिळालं. दुसरीकडं नव्हतं. गौडाचं खळं गावापासनं लांब, बाजूला ट्रॅक्टरची पत्र्याची शेड. बायकांनी शेडकडं जायचं नाही, पाणी रांजणातलं प्यायचं. एका सकाळी रांजण रिकामा निघाला. रेणुका घागर घेऊन शेडच्या मागच्या नळावर गेली. पत्र्याला एक खिडकी होती. आत ड्रायव्हर खाटेवर आडवा होता आणि त्याच्या पायाशी टीव्ही चालू होता. टीव्हीत मुंग्या होत्या. चित्र हलत होतं.

बांध दिसला. ओढा दिसला. चिंचेची तीन झाडं, मग एक घर, घरापुढं खळं. खळ्याच्या कडेला वाळत घातलेली गोधडी. वेदश्रीसाठी धुतलेली गोधडी रेणुकानं त्याच सकाळी पुन्हा उन्हात टाकली होती. गोधडीशेजारी एक ठिपका वाकलेला होता. तो ठिपका शेंगा निवडत होता.

वरनं विमानाचा बारीक आवाज येत होता. ड्रायव्हरनं मोबाइल कानाला लावला आणि म्हणाला, "आज वरच्या अंगाला हाय. खालच्या अंगाला लागा."

घागर भरून वाहायला लागली तेव्हा रेणुकानं नळ बंद केला. मळणीवर परत येऊन ती संध्याकाळपर्यंत पेंढ्या झोडपत राहिली. मध्येच निघाली असती तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं.

परशरामनं ऐकलं आणि पहिल्यांदा हसला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

"म्हंजे कुणी माणूस सांगत न्हवता," तो म्हणाला. "विमानच सांगत होतं."

"साहेबास्नी सांगा."

"आधी सरास्नी. त्यांच्या विमानाचं हाय. त्यास्नी कळलं की तेच येतील साहेबांकडं माझ्यासंगं."

दुसऱ्या दिवशी तो धुतलेला शर्ट घालून पहिल्या बसनं हुबळीला गेला. केशवापूरचा पत्ता सुमंतनंच एकदा कागदावर लिहून दिला होता. दुसरा मजला, दाराला तोरण. वेदश्रीनं दार उघडलं, आत बसवलं, चहा ठेवला. सुमंत टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आला आणि परशरामला बघून दारातच थांबला.

परशरामनं उभं राहूनच सांगितलं. शेड, टीव्ही, गोधडी, ड्रायव्हरचा मोबाइल. सांगताना त्याचे हात विमान सोडावं तसे पुढं येत होते.

सुमंत खुर्चीत बसला. "चित्र कसं दिसतं म्हणाल्या अक्का? स्वच्छ?"

"मुंग्या हैत. पण दिसतंय की."

"शेड आपल्या माळापासून किती? दोन मैल?"

"तेवढंच."

"दोन मैलांवर," सुमंत स्वतःशीच म्हणाला. "मला वाटलं होतं एकच मैल जात असेल."

चहाचा कप परशरामच्या हातात होता. तो त्यानं बशीत ठेवला.

"तुमास्नी ठाऊक होतं."

वेदश्री आत निघून गेली. सुमंत हळू आवाजात बोलू लागला. कॅमेऱ्यातलं चित्र हवेतनं उघडंच येतं. ते पकडणारा डबा साधा, हुबळीत दुकानात मिळतो, कुणीही आणून टीव्हीला जोडावा. चित्राला कुलूप घालता येतं, पण ती यंत्रणा वेगळी, जड, तिच्यासाठी विमान नव्यानं करावं लागलं असतं. कंपनीनं म्हटलं, खेड्यात कोण बघतंय. दुसऱ्या खेपेला माणसं निसटली तेव्हा त्याला संशय आला. तिसऱ्या खेपेला खात्री झाली.

"मग हापिसात?"

"अण्णा, त्या दिवशी मी बोललो असतो तर तिथंच सगळं बंद पडलं असतं. कंपनीत अकरा माणसं आहेत. दहा दिवसांनी धारवाडचे मोठे साहेब बघायला येणार आहेत. ते एकदा हो म्हणाले की नवं विमान, कुलूपवालं. मग मी स्वतः रेंजर साहेबांना सांगतो. तुमचं नाव निघेल यातनं."

"यादी पाच तारखेला जातीया, सर."

सुमंतनं टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"माझ्याकडं बोट दाखवालते, तवा तुमी चष्मा पुसत होता."

"तुमच्यासाठी मी कंपनीत बघतो काहीतरी," सुमंत म्हणाला. "गेटवर माणूस लागतोच आम्हाला. हुबळीत राहाल, घरच्यांना आणता येईल."

परशराम उठला. चपला घालताना एक पट्टा तुटला. तो चपला हातात घेऊन जिना उतरला.

तो सरळ कलघटगीला हापिसात गेला. कारकुनानं आत सोडलं नाही. साहेब बाहेर आले तेव्हा त्यानं जीपपर्यंत चालत चालत सांगितलं. साहेब म्हणाले, स्वतः सुटायला गौडावर घालतोस? त्या दिवशी हापिसात गौडाविरुद्ध बोलायला तोंड नव्हतं? सुमंत सरांना विचारतो मी. दोन दिवसांनी मधुकरकडनं निरोप आला, सरांना विचारलं, सर म्हणाले असं काही त्यांच्या नजरेस आलेलं नाही.

निरोप द्यायला मधुकर स्वतः आला होता. खळ्याच्या कडेला उभा राहिला, बसला नाही. रेणुका दारातनं पुढं आली.

"मधुकरअण्णा, माझं खरं धरू नका. ह्यांचंबी धरू नका. मोठं साहेब येणार त्या दिवशी खाकी घालू नका, साध्या कपड्यांत गौडाच्या खळ्यावर या. माझी भाकरी घरात ऱ्हायली म्हणून द्यायला आलोय म्हणा. नळावर पाणी प्या आणि जावा."

मधुकरनं पायानं माती उकरली. "माझी ड्यूटी हाय त्या दिवशी," तो म्हणाला आणि गेला.

मोठे साहेब आले त्या दिवशी माळावर मांडव घातला होता. खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, मोठा टीव्ही. गावचे लोक दोरीपलीकडं. परशराम त्यांच्यात मागं उभा होता. सुमंतनं पांढरा शर्ट घातला होता. विमान एका नव्या पोरगेल्या इंजिनियरनं फेकलं, जरा वाकडं, पण चढलं. एक फेरी मारून ते खाली येत मांडवावर घिरट्या घालू लागलं आणि टीव्हीत मांडवच दिसला. टाळ्या झाल्या. मोठ्या साहेबांनी मांडवाबाहेर येऊन वर बघत हात हलवला, घाम आला म्हणून टोपी काढली आणि रुमालानं टक्कल पुसलं.

रेंजर साहेबांचा मोबाइल वाजला. त्यांनी मांडवाबाहेर एका बाजूला जाऊन घेतला.

"साहेब, मधुकर बोलालोय. गौडाच्या शेडमागं हाय. ड्यूटी सोडून आलोय, नंतर काय ते करा. मोठ्या साहेबांनी आत्ता टोपी काढली. डोकं पुसालेत."

रेंजर साहेबांनी मान वळवून पाहिलं.

"तुमी आत्ता मागं बघितलं. डाव्या हातात मोबाइल हाय तुमच्या. उजवा हात खिशात घातला. काढला."

साहेबांनी मोबाइल बंद केला. मग मोठ्या साहेबांच्या कानाशी गेले. मोठ्या साहेबांनी पहिल्यांदा टोपी घातली, मग सुमंतला बोलावलं.

दोरीपलीकडं शब्द स्पष्ट येत होते. सुमंत म्हणाला, "सर, हे आम्हालाही आजच कळतंय. चाचणी असते ती यासाठीच. दोष सापडला हे चांगलंच झालं."

परशराम दोरीखालनं वाकून आत आला. "साहेब, हे खोटं हाय. मी दहा दिवसाखाली सरांच्या घरात जाऊन—"

"सुम्निर," रेंजर साहेब म्हणाले. गप्प बैस. मग त्याच्या दंडाला धरून त्यांनी त्याला दोरीबाहेर आणलं. धरणं जोराचं नव्हतं. "तू सुटलास ना यातनं? मग आता पुरे. मोठ्या साहेबांपुढं तमाशा नको."

गौडाच्या शेडमधनं टीव्हीला जोडलेला डबा जप्त झाला. क्रिकेट बघायला आणला होता, असं गौडानं लिहून दिलं. ट्रॅक्टरच्या पेंढ्यांखाली त्या दिवशी काहीच नव्हतं. कंपनीला आणखी सहा महिने मिळाले, कुलूपवालं विमान करायला. परशरामला वॉकीटॉकी परत मिळाली, रोजंदारीही पूर्वीची. यादी पाच तारखेलाच धारवाडला गेली होती. तिसरं नाव कुणा दुसऱ्याचं होतं. पुढच्या खेपेला बघू, असं साहेब म्हणाले. पुढची खेप पाच वर्षांनी.

फेब्रुवारीत सुमंत पुन्हा आला. जीपवर नवं विमान होतं, आधीच्याहून मोठं, करड्या रंगाचं. परशराम खळ्यावर कुंपणाच्या काट्या बांधत होता. रेणुका दारात होती. लक्ष्मीअव्वा आतनं कोण आलंय म्हणून विचारत होती.

सुमंत जीपपाशीच थांबला. "शेजारच्या माळावर वारा फिरतो," तो म्हणाला. "दोनदा पडलं. तुमच्यासारखी जागा नाही, अण्णा. आणि आता भीती नाही. चित्र पूर्ण बंद आहे. आपल्याशिवाय कुणालाही दिसणार नाही."

"आपल्याशिवाय म्हंजे कुणाशिवाय, सर?"

जीपचा ड्रायव्हर दुसरीकडं बघू लागला. सुमंत म्हणाला, "माझं चुकलं. अक्का, तुमचंही मी..."

"हितं सांगू नका," परशराम म्हणाला. हातातली काटी त्यानं खाली ठेवली. "हितं आमी घरचीच हाय, आमास्नी ठाऊकच हाय. त्या दिवशी हापिसात साहेब होतं, दोन कारकून होतं, मधुकर होता. त्यांच्यापुढं जाऊन सांगा. तुमास्नी कवा ठाऊक झालं, मी तुमच्या घरी कवा आलो, तेवढंच सांगा. मग खळं तुमचंच हाय. मीच विमान सोडतो."

"जातो," सुमंत म्हणाला. "आजच जातो. इथनं थेट."

त्यानं जीपमध्ये बसताना दोन्ही हात जोडले. जीप उतारावरनं खाली गेली आणि ओढ्यापलीकडं कलघटगीच्या रस्त्याला लागली. रेणुका ती दिसेनाशी होईपर्यंत दारात होती. "गेलं वाटतं हापिसाकडं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं खळं झाडून घेतलं, काटे-कुटे वेचून काढले.

आठ दिवसांनी मधुकर आला. या वेळी तो बसला. परशराम कुंपणाच्या काट्यांची शेवटची मोळी बांधत होता.

"सर आलते काय हापिसात?" परशरामनं विचारलं.

"कवा?"

"गेल्या सोमवारी. हितनं निघून."

"सोमवारी मी दिवसभर हापिसातच होतो," मधुकर म्हणाला. "कुणी आलं न्हाई."

रेणुकानं आतनं ऐकलं. परशरामनं मोळीला गुडघा लावला, दोरी ताणली आणि दुसरं टोक मधुकरच्या हातात दिलं.

"धर जरा," तो म्हणाला. "गाठ मारतो."